युनूसचा सिपारा

विघ्नांचे हरण करणाऱ्या गजाननाला आणि वीणाधारिणी शारदेला वंदन करून, ज्यांनी मला अक्षर आणि उच्चार दोन्ही दिले त्या माझ्या वडिलांचे स्मरण करून हे लिहायला बसले आहे. निमित्त असे, की आमच्या घरातल्या जीर्ण पोथ्या या श्रावणात नदीला अर्पण करायच्या ठरल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना ऊन दाखवायला अंगणात मांडल्या. एकीचे वेष्टन उलगडले, आणि वाळवीने खाल्लेल्या कागदाचा तो वास आला — ओलसर मातीचा, जुन्या खळीचा, बंद कोनाड्यातल्या अंधाराचा. माझ्या वयाला आता कालचे आठवत नाही. पण त्या वासाने मला हाताला धरून देऊळघाटच्या आमच्या गल्लीत, पिंजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन उभे केले.

डोळ्यांसमोर आधी येते ती पांढरी पिशवी. हमीदाखालाच्या ओसरीत, कोणाही उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, एका खुंटीला ती टांगलेली असे. तिच्याखालून जाताना घरातले कोणी आवाज चढवीत नसे, आणि तिच्याकडे पाय करून कोणी झोपत नसे. त्या घरात तसे सारेच पांढरे होते. तिचे यजमान रशीदचाचा पिंजणाच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी ठोका मारू लागले, की कापूस धुक्यासारखा वर उठे आणि मग सावकाश, कोणाच्याही नकळत, सगळ्यांवर उतरे — चुलीवर, मडक्यांच्या गळ्यांवर, कोंबड्यांच्या पाठीवर, चाचांच्या भुवयांवर. त्या घरातल्या भाकरीलाही कापसाचा वास येई. उन्हात तापलेल्या कापसाला एक गोडसर, दुधाळ वास असतो; ज्यांच्या घरी नुसत्या गिरणीच्या गाद्या आल्या त्यांना तो कधी कळायचा नाही.

आमचे घर पुराणिकांचे. अण्णा — माझे वडील — पहाटे संथा देत, दुपारी पुराण सांगत. देवाच्या वाती आणि कापसाची वस्त्रे यांसाठी लागणारा कापूस मात्र रशीदचाचांच्याच हातचा हवा, असा त्यांचा नेम होता. “पिंजताना तो बोलत नाही,” अण्णा म्हणत, “त्याच्या कापसात कोणाची निंदा मिसळलेली नसते.” तो कापूस आणायला मला धाडीत, आणि मी लवकर परतत नसे, कारण त्या ओसरीवर हमीदाखालाची शाळा भरलेली असे.

गल्लीतल्या मुसलमान मुली तिथे सकाळी कुराण वाचायला शिकत. पुढ्यात लाकडी रेहल, रेहलीवर सिपारा — कुराणाच्या तीस भागांपैकी एका भागाची पातळशी प्रत — आणि डोक्यावर ओढण्या. सगळ्या जणी झुलत झुलत एकदम म्हणत, आणि त्या गोंगाटातून एकीचाच चुकलेला उच्चार खालाला बरोबर ऐकू येई. मी उंबऱ्याशी कापसाची परडी मांडीवर घेऊन बसे. अर्थ कळत नसे. पण अर्थ न कळता ऐकण्याची सवय मला घरचीच होती. अण्णांनी दिलेल्या संथेचा तरी अर्थ त्या वयात कुठे कळत होता… स्वर कानात ठेवायचा आणि जसाच्या तसा परत द्यायचा, एवढेच आमचे काम.

“झुबेदा, तुह्या हातात सिपारा हाये का धुण्याचं लुगडं? काऊन इतका पिळून राह्यली त्याले?”

“खाला, तो आधीच फाटेल व्हता.”

“हाव, आधीच फाटेल व्हता. तू आली तवा गावच आधीच वसेल व्हतं.”

मुली ओढणीत तोंड लपवून हसत. खाला मात्र ते सुटलेले पान दोन्ही हातांनी उचले, डोळ्यांना लावी, उठून ती पांढरी पिशवी काढी आणि पान तीत ठेवी. “शहीद झालं,” एवढेच म्हणे.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले होते. पान फाटते, कुजते, सुटते. पान शहीद कसे होईल? खालाने समजावले होते, की पाक कलामाला, पवित्र वचनाला, ‘फाटला’ म्हणू नये, तो अदब नव्हे. वाचून वाचून, लेकरांच्या हातांखाली झिजून जे पान गेले ते कामी आले. त्याला केरात टाकायचे नाही, चुलीत घालायचे नाही, वाण्याच्या पुडीला द्यायचे नाही. पिशवी भरली, की रमजानच्या आधी रशीदचाचा ती घेऊन कब्रस्तानात जात. तिथे एका कोपऱ्यात, जिथे कोणाचा पाय पडत नाही अशा जागी, खड्डा खणला जाई. खड्ड्याच्या आत एका बाजूला कोनाड्यासारखी खोबण कोरीत. तिला लोक ‘बगली’ म्हणतात. माणसाच्या कबरीतही तशीच असते. नव्या कापडात गुंडाळलेली पाने त्या बगलीत ठेवायची, तोंडावर फळी लावायची, आणि मगच माती लोटायची. कारण मातीचे ढेकूळ थेट अक्षरावर पडता कामा नये.

मी घरी येऊन अण्णांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ जानव्याशी चाळा करीत बसले. मग म्हणाले, “आपण प्रवाहाला देतो, ते भूमीला देतात. उकिरड्याला दोघेही देत नाहीत.” आमच्याकडचा विधी मला ठाऊक होता. जीर्ण पोथीची पूजा करायची, तुळशीपत्र ठेवायचे, आणि पैनगंगेच्या वाहत्या पाण्यात कंबरभर उतरून ती सोडायची. पाने आधी तरंगत, फुगत, आणि मग शाई पाण्यात धुरासारखी विरघळे… मला त्यात कधी दुःख दिसले नव्हते. ज्या पोथीवर कोणाचा जीव जडलेला नसतो, तिचे विसर्जन सोपे असते — हे कळायला मला त्या ओसरीवरचे पुढचे दिवस पाहावे लागले.

युनूस हा खाला-चाचांचा एकुलता एक. माझ्याहून थोडा मोठा, दात पुढे, गुडघे सदा खरचटलेले. मुलांना मौलवीसाहेब मशिदीत शिकवीत. पण आईच्या हाताखाली उच्चार पक्के व्हावेत म्हणून तो घरीही बसे, आणि मुलींच्या शाळेत आपल्यालाच बसावे लागते याचा राग तो गूळ-शेंगदाणे खाऊन काढी. त्याच्या सिपाऱ्याचे कोपरे गुळाने तांबूस झाले होते. खाला ओरडे, “अरे, हात धुव!” तो हात सदऱ्याला पुशी आणि म्हणे, “धुतले.” ज्वारीच्या धांड्याची एक सोललेली काडी तो ओळीवर फिरवी, वाचून थांबला, की तीच काडी पानांत ठेवून सिपारा मिटी.

एका पावसाळ्याच्या अखेरीस त्याला मुदतीचा ताप आला. बुलढाण्याच्या डॉक्टरांची औषधे झाली, दर्ग्याचे पाणी झाले, आमच्या आईने सप्तशतीचा पाठ करवून अंगारा पाठविला तोही खालाने कपाळाला लावला. ताप उतरला नाही. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी गल्लीत चूल पेटली नाही — ना त्यांची, ना आमची.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजणाचा आवाज आला.

तो टणत्कार मला अजून ऐकू येतो. गल्लीतली माणसे दारांत उभी राहिली. ज्याचा मुलगा काल मातीत गेला तो बाप आज कापूस पिंजतो आहे, डोळ्याला पाणी नाही, तोंडातून शब्द नाही! बायका कुजबुजल्या. खाला आत भिंतीशी बसली होती, ती कुजबुजली नाही, मोठ्याने म्हणाली — “बापाच्या छातीत काळीज असते. याच्या छातीत तात भरेल हाये.” चाचांनी ठोका थांबविला नाही.

तेव्हापासून त्या घरात दोन माणसे वेगवेगळी राहू लागली. एका छपराखाली, एका चुलीवर, पण वेगवेगळी. भाकरी ताटात पडे, ताट पुढे सरके, आणि बोलायचेच झाले तर शाळेतल्या एखाद्या मुलीच्या मार्फत. “त्यायले सांग, मीठ संपलं.” “तिले सांग, आणतो.” मीठ येई. आम्ही मुली त्या निरोपांचे ओझे इकडून तिकडे वाहत असू आणि आम्हाला ते कळतही नसे.

युनूसचा सिपारा खालाने हिरव्या छिटाच्या गवसणीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला होता. काडी आत तशीच होती. वर्ष गेले, आणखी एक पावसाळा गेला. तिने तो कधी उघडला नाही, कोणाला उघडू दिला नाही. आणि त्या पावसाळ्यानंतर, कोनाडा झाडताना, तिला गवसणीच्या तळाशी मातीची एक बारीक नळी दिसली — वाळवी.

मी त्या वेळी तिथेच होते. सीतादही — वेचणीच्या आरंभाची शेतातली पूजा — नुकतेच होऊन गेले होते, पहिल्या वेचणीचा कापूस घरोघरी आला होता, आणि मी दिवाळीच्या वातींसाठी परडी घेऊन गेले होते. खालाने गवसणी उघडली. सिपाऱ्याची पाठ पोखरून निघाली होती. पाने जाळीसारखी झाली होती, आणि ते गुळाचे तांबूस कोपरे… गोडीमुळे वाळवीने तेच आधी खाल्ले होते. तिथे आता काही नव्हते. भुगा तिच्या ओच्यात पडला. तिने तो चिमटीने, कण कण, पदराच्या टोकाला गोळा केला.

चाचा पिंजणाशी उभे राहिले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते सरळ तिच्याशी बोलले.

“हमीदा, आता हे ठेवता येत नाही.”

“कोनं विचारलं तुमाले?”

“पानं उडतील. पायाखाली येतील. अंगणात कोंबड्या हायेत. गुनाह आपल्या माथी लागंल.”

“माह्या माथी लागंल. तुमच्या माथ्यावर जागा कुठी हाये? कापूस भरेल हाये तिथं.”

“मी दगड हाये, कबूल. पण कलाम दगडाचाही तेवढाच हाये.”

“एक मातीत देला,” खाला म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा, “आता हा पन देऊ?”

चाचा बसले. ठोका हातात घेतला, पण तातेवर मारला नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी खाला आमच्या दारी आली. ती ओसरीच्या पायरीवर बसली. आईने पुढे केलेले पाणी तिने घेतले नाही. अण्णा पुराणाची तयारी करीत होते.

“महाराज, तुमच्यात काय करतेत? पोथी खराब झाली तं?”

अण्णांनी चष्मा काढला. त्यांना सगळे ठाऊक होते. मीच सांगितले होते. “हमीदाबाई, तुमचे मौलवीसाहेब सांगतील ते प्रमाण. मी कोण सांगणारा?”

“ते तं सांगूनच राह्यले. सगळेच सांगून राह्यले, दे म्हनून. मले एका मानसाच्या तोंडून ‘ठेव’ ऐकायचं व्हतं. तुमी शास्त्राचे मानूस. तुमी ठेव म्हटलं तं मी ठेवीन.”

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या शंकांना तत्काळ वचने काढून दिली, त्याला त्या दुपारी एक शब्द सापडत नव्हता — की सापडत होता आणि उच्चारवत नव्हता, हे मला सांगता येणार नाही. शेवटी अण्णा म्हणाले, “बाई, जे वाचता येत नाही आणि ज्याला कीड लागली, ते घरात ठेवले तर आपल्या डोळ्यांदेखत त्याची विटंबना होते. आमच्यातही ते ठेवीत नाहीत. मला ‘ठेव’ म्हणता येत नाही.”

“बरं,” खाला म्हणाली. उठली, पदर सावरला आणि गेली. अण्णा संध्याकाळी पुराणाला बसले, पण पोथी उघडून मिटली, आणि श्रोत्यांना नुसता प्रसाद देऊन परत पाठविले. त्यांच्या आयुष्यात असे दुसऱ्यांदा झालेले मला आठवत नाही.

खालाने नवा मांजरपाट आणविला. धुतला, वाळविला, कडेला टाके घातले. चाचांनी पहिल्या वेचणीचा कापूस, सरकी काढून, असा पिंजला की तो हातात घेतल्यावर हातात काही आहे असे वाटू नये. बगलीत पानांखाली अंथरायला. तसे कोणी करीत नाही, रीतही नाही, त्यांनी केले. खालाचे एकच मागणे होते, की सिपारा युनूसच्या कबरीजवळ पुरावा. झुबेदामार्फत चाचांचे उत्तर आले, की तिथे कबरींमधून लोकांची येजा असते, पाय पडतात. कोपरा ठरलेला आहे, तिथेच जाईल. खालाने मला जवळ ओढले.

“शालूबाई, आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. तू लहान हायेस, तुले कोनी हटकनार नाही. तू जा. पाहून ये. बगली खोल हाये का, फळी नीट बसली का, माती थेट पडली का — सगळं मले येऊन सांग.”

“झुबेदाला सांगा ना, खाला.”

“झुबेदा तिच्या बापाले भेते अन् तिचा बाप तुह्या चाचाले भेतो. ती मले बरं वाटंल तेच सांगंल. तुह्या घरी खोटं बोलत नाहीत.”

आईचे तोंड उतरले. “मसणवटीत पोरगी धाडायची?” अण्णा संध्येच्या पाटावरून न उठता म्हणाले, “ती पोथीच्या मागे चालली आहे. जाऊ दे. आल्यावर स्नान घाल.”

कोवळ्या उन्हाची वेळ होती. कब्रस्तानाला कुंपण असे नव्हते. सीताफळीची झुडपे होती आणि त्यांना फळे डोळे उघडून बसली होती. कोणी ती तोडीत नसे. काळ्या मातीला पावसानंतरच्या भेगा पडू लागल्या होत्या. मौलवीसाहेब, खड्डा खणणारा एक म्हातारा, रशीदचाचा, आणि त्यांच्या मागे अंतर ठेवून मी, एवढेच होतो. कोपऱ्यात खड्डा तयार होता. मी काठावरून वाकून पाहिले. बगली चांगली हातभर आत गेलेली होती, तिच्यात चाचांनी आपल्या हाताने कापूस पसरला. मौलवीसाहेबांनी सिपारा घेण्यासाठी हात पुढे केले.

चाचांनी तो दिला नाही.

ते वळले आणि कबरींमधून चालत गेले, जपून, कोणावर पाय पडू नये असे, आणि एका लहानशा उंचवट्यापाशी मांडी घालून बसले. मांडीवर ती पांढरी गुंडाळी. मौलवीसाहेब त्यांच्या मागे गेले, मीही गेले. चाचांनी गाठ सोडली. पाने वेगळी होत नव्हती, पण काडी जिथे होती तिथे सिपारा आपोआप दुभंगला.

“मौलवीसाब,” ते म्हणाले, “मले वाचता येत नाही. पोऱ्या कुठवर आला व्हता, तेवढं सांगा.”

मौलवीसाहेब खाली बसले. वाकून पाहिले. जाळी झालेल्या पानावर अक्षरे कुठे होती, कुठे नव्हती. “शेवटाच्या जवळ आला होता,” ते म्हणाले. “थोड्या सूरा राहिल्या.”

“त्या तुमी म्हना. त्याच्या इथं बसून म्हना.”

मौलवीसाहेबांनी डोळे मिटले आणि काडीच्या पुढचे अध्याय म्हणायला सुरुवात केली. जिथे पान खाल्लेले होते तिथेही ते अडले नाहीत. त्यांना ते मुखोद्गत होते. चाचा त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, एखादे लेकरू उच्चार शिकताना पाहते तसे. त्यांचे ओठ मागोमाग हलत, आवाज नव्हता. कुठेतरी मधे त्यांनी तळवा त्या मातीवर ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. दाढीतून पाणी उतरत होते, पांढऱ्या गुंडाळीवर पडू नये म्हणून ते मान वळवीत होते. मी कोणा बापाला रडताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला तिथून पळून जावेसे वाटत होते. पण खालाने पाहून यायला सांगितले होते, म्हणून मी पाहत राहिले.

म्हणणे संपले. चाचांनी गाठ बांधली, कोपऱ्यात परत आले, खड्ड्यात उतरले, आणि सिपारा बगलीत ठेवला. कडुलिंबाची फळी लावली. फळीच्या फटींत उरलेला कापूस बोटाने दाबून बसविला. मग माती.

खाला दाराशीच उभी होती. मी सांगितले, बगली खोल होती, फळी नीट बसली, माती पानांवर पडली नाही. तिने प्रत्येक शब्दाला मान हलविली. मग मी बाकीचे सांगितले, आणि तिचा चेहरा बदलला.

“हे त्यानं तुले शिकवून पाठवलं.”

“नाही, खाला.”

“मंग काऊन असं सांगतीस? मयताच्या दुसऱ्या दिवशी पिंजायले बसला तो मानूस. तो कशाले रडतो?”

“रडले. आणि मौलवीसाहेबांनी काडीच्या पुढचं सगळं म्हटलं.”

“सगळं म्हंजे कुठवर?”

मला त्याचे नाव सांगता येईना. पण स्वर कानात होता. अण्णांच्या संथेने कानाला दुसरे काही शिकविलेच नव्हते. मी हात जोडले — तशीच सवय होती — आणि मौलवीसाहेबांनी शेवटी म्हटलेले शब्द, त्यांनी जिथे श्वास घेतला तिथे श्वास घेऊन, खालाला म्हणून दाखविले. एका ठिकाणी तिने टोकले. “हा उच्चार गळ्यातून येते,” ती म्हणाली, ओसरीवरच्या मुलींना सांगे तशीच. मी पुन्हा म्हटले. ती पुढे ऐकायला लागली, आणि ऐकता ऐकता तिला कळले की हा अखेरचा शब्द आहे, याच्यापुढे पान नाही. सिपारा पुरा झाला. ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

चाचा आले तेव्हा त्यांच्या लुंगीला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळी माती लागलेली होती. खालाने ती माती पाहिली. तिने तांब्या आणला आणि त्यांच्या हातांवर स्वतः पाणी ओतले, हात स्वच्छ झाल्यावरही ओतत राहिली.

हे इथे संपले असते तर किती बरे झाले असते! पण कापसाचे बारीक तंतू आयुष्यभर छातीत गेलेल्या माणसाला पिंजाऱ्याचा दमा धरतो, आणि त्या हिवाळ्यात चाचांना तो असा धरला की थंडी उतरायच्या आत ते गेले. खाला नंतर एकदा आईपाशी बसून म्हणाली होती, “एवढी वर्षं त्याले दगड म्हटलं. मंग बोलायले लागलो तं चारच गोष्टी झाल्या. त्या दिवशी पिंजायले काऊन बसला, हे इचारायचंच राहून गेलं.” आईच्या हातात वात होती, ती वळायची थांबली एवढेच.

खाला पुढे पुष्कळ वर्षे जगली आणि शिकवीत राहिली. मी खामगावला संस्कृत शिकवायला गेले, तिथेच संसार झाला, तिथेच केस पांढरे झाले. ती गेल्याचे कळले तेव्हा एसटीने देऊळघाटला आले. घर बायकांनी भरले होते. जनाजा उठला, पुरुष खांदे बदलत गल्लीच्या वळणाआड गेले, आणि आम्ही बायका उंबऱ्याच्या आत राहिलो — मीही. आता मला कोणी हटकणार नाही असे वय राहिले नव्हते. माझ्या शेजारी झुबेदा उभी होती, नातवंडांची आजी झालेली. जन्मभर ज्या जागेत खालाला पाय ठेवता आला नाही तिथे ती शेवटी गेली, आणि तिथले पाहून येऊन सांगायला या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हते.

पुरुष परतले तेव्हा मी एका तरुणाला विचारले, तिला मुलाजवळ दिली का? तो भला मुलगा होता. म्हणाला, “नाही आजी, तिकडं जागा नाही राह्यली. नाल्याच्या अंगाले देली.” आणि त्या कोपऱ्याविषयी विचारले, जिथे पाने पुरीत, तेव्हा त्याने मोकळेपणाने विचारले, “कोनता कोपरा?” त्याची चूक नव्हती. आता मशिदीच्या दाराशी पत्र्याची पेटी आहे. शहीद झालेली पाने लोक तीत ठेवतात, आणि कोणी जबाबदार माणसे अदबीने ती दूर कुठेसे नेतात. खणणारा म्हातारा नाही, मौलवीसाहेब नाहीत, चाचा नाहीत. ती बगली कुठे आहे हे ठाऊक असलेली मी एकटी उरले आहे, आणि मला तिथे जाऊन बोट दाखविता येत नाही. बुलढाण्याच्या रस्त्यावरून सीताफळीची झुडपे दिसतात. एसटी वळते, आणि तीही दिसेनाशी होतात.

वाचकहो, आपण आपापल्या घरी हे वाचीत असाल. त्या घरावर जगन्नियंत्याची कृपा असो. तिथे जी अक्षरे पूजिली जातात ती कोणत्याही लिपीतली असोत, त्यांना आदराचा हात लाभो. एका छपराखालच्या माणसांना एकमेकांना विचारायचे ते वेळेवर विचारता येवो. आणि आपल्या घरातल्या लेकरांचे पाठ त्यांच्याच तोंडून अखेरच्या शब्दापर्यंत पुरे होवोत.